कोल्हापुरात घर सजवताना: आणण्याआधी करून घ्या

फ्लॅटचा ताबा मिळाला, किंवा बदली होऊन आल्यावर राजारामपुरीत, नागाळा पार्कात नाहीतर कळंब्याकडे भाड्याचं घर घेतलं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सुचवतं, "सगळं एकाच्या अंगावर टाका, डोक्याला ताप नको." टाकलं तर खरंच ताप होत नाही. टीव्हीमागे संगमरवरी छापाचं पॅनेल येतं, पीओपीच्या छतात निळी पट्टी येते, सोफ्यावर राखाडी उशा येतात आणि भिंतीवर सात घोडे धावायला लागतात. तेच घर पुण्यात आहे, हुबळीत आहे, नाशकातही आहे.

हा लेख ज्यांना तसं घर नको आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी आहे. कोल्हापुरात एक सोय अशी आहे की सुतार, फॅब्रिकेटर, कुंभार, बुरूड, चप्पल शिवणारा कारागीर, फ्रेमवाला हे सगळे स्कूटरच्या अंतरावर आहेत आणि त्यातले बरेच जण अजून एका नगाचं काम घेतात. मोठ्या शहरात एक स्टूल करून द्या म्हटलं तर कुणी फोन उचलत नाही. त्यामुळे इथे तयार वस्तू आणण्याआधी ती करून मिळते का, हे विचारायची सवय लावा. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. पहिला महिना फक्त बघा

गादी, शेगडी, दोन-तीन खुर्च्या एवढ्यावर महिना निघतो. सोफा, पडदे, शोकेस यातलं काहीही या महिन्यात घेऊ नका. एक वही करा आणि तिच्यात लिहा: सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून किती आत येतं, दुपारी चारला कुठली भिंत हाताला गरम लागते, रस्त्याचा आवाज कुठे जास्त येतो, पाहुणा आला की आपोआप कुठे बसतो, मोबाइल कुठे चार्जिंगला लागतो.

आणि दाराजवळ काय साठतं ते बघा. चपला, हेल्मेट, छत्री, किल्ल्या, दुधाची पिशवी, कुरिअरचं खोकं. कुठल्याही घराचा पहिला पसारा इथेच असतो आणि सजावटीच्या चित्रांत नेमका हाच कोपरा दिसत नाही. बजेट कमी असेल तर पहिला पैसा इथेच घाला. एक बाक, खाली चपलांची जागा, वर चार दणकट खुंट्या. हॉलचं रूप निम्मं तिथेच सुधारतं.

तळमजल्यावर किंवा नदीकडच्या भागात घर असेल तर शेजाऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा: २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. पाणी येऊन गेलेल्या घरात जमिनीला टेकलेलं प्लायवूडचं फर्निचर करू नका. लोखंडी पायांचं, उचलून वरच्या मजल्यावर नेता येईल असं सामान ठेवा आणि सॉकेट शक्य तितके वर घ्या.

२. जवळ ठेवायच्या वस्तू आणि कागद

- पाच मीटरचा टेप, पेन्सिल, चौकटीची वही. खोलीचं, दारांचं, खिडक्यांचं, लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप. शेवटची दोन लोक विसरतात आणि मग कपाट खालीच राहतं.
- कागदी चिकटपट्टी. सोफा किंवा टेबल किती जागा खाईल ते जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्याभोवती वावरून बघायचं.
- स्पिरिट लेव्हल, छोटं ड्रिल, प्लग आणि स्क्रू. भिंत विटांची आहे की हलक्या ब्लॉकची, ते विचारून प्लग घ्या.
- स्वतःचा फ्लॅट असेल तर बिल्डरकडून वायरिंग आणि पाइपलाइनचा नकाशा. मिळत नसेल तर प्लास्टरआधीचे फोटो तरी मागा.
- सोसायटीची कामाची परवानगी आणि कामाच्या वेळा, लेखी.
- भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करारनामा आणि ताबा घेतल्या दिवशीचे सगळ्या भिंतींचे फोटो.
- प्रत्येक कारागिराला दिलेल्या ॲडव्हान्सची नोंद. वहीत सही, नाहीतर मोबाइलवर मेसेज.

३. आधी ओल, मग रंग

इथला पाऊस जूनमध्ये बसला की सप्टेंबरपर्यंत उठत नाही. भिंतीला पोपडे आले असतील, खाली पांढरा लोणा दिसत असेल, तर त्यावर कितीही महागडा रंग मारा, दुसऱ्या पावसाळ्यात तो खाली येणार. ओल कुठून येते ते शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब साचले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतला दमटपणा आहे. पहिल्या प्रकारात गवंडी आणि प्लंबर लागतो, दुसऱ्यात नुसता पंखा आणि उघडी खिडकी. रंगाऱ्याला आधी बोलावलं तर तो पुट्टीच सुचवेल, कारण त्याचं काम तेच आहे.

नवं प्लास्टर असेल तर ते मुरायला निदान चार आठवडे द्या. रंगाचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत काढा. दिवाळीच्या तोंडावर चांगला रंगारी मिळत नाही, आणि मिळालाच तर तो एकाच वेळी तीन घरांत असतो.

आता छटा. शेड कार्डावरचा दोन बोटांचा चौकोन बघून निर्णय घेऊ नका. सगळ्यात लहान डबा आणा, दोन बाय दोन फुटांचा पट्टा दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर बघा. उत्तरेच्या खोलीत जो पांढरा स्वच्छ वाटतो तोच पश्चिमेच्या खोलीत डोळ्यांत घुसतो.

माझा कल मातकट रंगांकडे आहे, हे आधीच सांगतो. भवानी मंडप, टाऊन हॉल, नवा राजवाडा असा काळा दगड पाहत राहणाऱ्या गावात पिस्ता आणि जांभळ्याचा झगमगाट मला उसना वाटतो. आमच्या हॉलची एक भिंत चांगल्या गुळाच्या ढेपेसारखी आहे, आणि त्यासाठी मी खरोखरच गुळाचा खडा कागदात बांधून रंगाच्या दुकानात नेला होता. दुकानदार हसला, पण शेड बरोबर काढून दिली. सगळ्या खोल्यांना तीन रंग पुरतात. छताला पांढरा, बहुतेक भिंतींना एक शांत रंग आणि घरभरात मिळून एक-दोन भिंतींना ठसठशीत रंग. सवलतीत वॉलपेपर मिळतोय म्हणून घेऊ नका, दमट भिंतीवर त्याच्या कडा उचकटतात.

४. दिवे

कमी पैशात घराची कळा बदलायची असेल तर दिवे बदला. बिल्डर देतो ती पांढरी ट्यूबलाइट साधारण ६५०० केल्विनची असते (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा-निळसर). अभ्यासाला आणि स्वयंपाकाच्या ओट्याला ठीक, पण हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत तिच्याखाली पितळही कळाहीन दिसतं आणि माणसंही थकलेली दिसतात. तिथे २७०० ते ३००० केल्विनचे दिवे घ्या, आकडा खोक्यावर छापलेला असतो. शेजारी 'सीआरआय' दिलेला असेल तर ९० किंवा त्याच्या आसपासचा निवडा, भाजी आणि कापडाचे रंग खरे दिसतात.

छताच्या मध्यावरचा एकच मोठा दिवा लावून काम भागवू नका. एक कोपऱ्यात खाली, एक वाचायच्या खुर्चीपाशी, एक देवघराजवळ, असे तीन लहान दिवे वेगवेगळ्या बटणांवर असावेत. जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा घेणार असाल तर त्याचा खालचा काठ टेबलापासून अडीच फुटांच्या आसपास ठेवा. त्यापेक्षा वर गेला की डोळ्यांवर येतो. वायरमनला हे सगळं भिंत फोडण्याआधी सांगायचं असतं, रंग झाल्यावर नव्हे. वायरमन म्हणेल, "एवढी बटणं कशाला ओ?" त्याचं ऐकू नका.

५. माळ्यावरचं आधी खाली काढा

बाजारात जाण्याआधी गावाकडच्या घरी एक चक्कर मारा. सोप्यातल्या खुंट्या, माळ्यावरची पितळी भांडी, आज्जीचा लोखंडी ट्रंक, पाट, जुना चौरंग, तांब्याचा बंब, पेढीवरचं उतरतं टेबल. निम्म्या घरांत हे सगळं पोत्यात बांधून ठेवलेलं असतं आणि भंगारवाल्याला वजनावर देण्याची बोलणीही झालेली असतात. मागून घ्या. घरच्यांना जरा नवल वाटेल, पण देतील.

सगळं एकदम मांडू नका. एका खोलीत एक मोठी जुनी वस्तू पुरे. बंब हॉलमध्ये, घंगाळ हॉलमध्ये, समई हॉलमध्ये केलं की भांड्यांचं दुकान होतं. घंगाळात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या तर नकोच, हॉटेलांनी आणि लग्नाच्या हॉलांनी ते इतकं केलंय की आता त्यात काही उरलं नाही. घंगाळात पांघरुणं ठेवा, नाहीतर जुनी मासिकं.

पितळ चकचकीत हवं की जुनं मुरलेलं, हे आधी ठरवा. चकचकीत हवं तर चिंच-मीठ आणि हात आहेतच, पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी घासावं लागेल. मुरलेलं हवं तर नुसतं कोरड्या फडक्याने पुसत राहा. भांडं वापरातही ठेवणार असाल तर आतून कलई करून घ्या. पितळेच्या किंवा तांब्याच्या कलई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवायचा नसतो.

घोंगडी हा या भागाचा खरा गालिचा. धनगर-सनगरांच्या हातची, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी, तपकिरी किंवा पांढऱ्या पट्ट्याची. हाताला खरखरीत लागते कारण लोकर जाडीभरडी असते आणि सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते. मऊ लागली तर मिश्रण आहे असं समजा. बसायला, पलंगाच्या पायथ्याशी टाकायला, अगदी भिंतीवर लावायलाही ती शोभते. पण कसर लागते. वर्षातून दोन-तीनदा कडक उन्हात टाकायची आणि घडीत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा.

वाकळ मात्र विकत घेण्यापेक्षा शिवून घ्या. घरातल्या जुन्या साड्या, लुगडी, धोतरं काढून द्या आणि गावाकडे वाकळ शिवणाऱ्या बाया असतात त्यांना विचारा. दुकानातल्या छापील रजईत तुमच्या मावशीचं लुगडं नसतं. सोफ्याच्या पाठीवर टाकलेली एक वाकळ साध्या सोफ्यालाही तारून नेते.

६. काय काय करून मिळतं

लाकूडकाम. टिंबर मार्केटला गेलात की आधी लाकूड बघा, मग सुतार. खुर्ची-टेबलाला सागवान चांगलं, बाक आणि फळ्यांना बाभूळही टिकतं. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण भुंगा लवकर लागतो. स्वयंपाकघरात प्लायवूड वापरायचंच असेल तर पाण्याला टिकणाऱ्या आयएस ७१० चा शिक्का प्लायच्या फळीवर स्वतः बघा, बिलावर नव्हे. वाडे पाडले की खांब, तुळया, चौकटी विकायला येतात. घेताना खालच्या बाजूला पेचकसाचं टोक दाबून बघा आणि बोटाने ठोका. पोकळ आवाज आला किंवा पिठासारखी भुकटी पडली तर कोरीवकाम कितीही सुंदर असलं तरी घरात आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागण होते.

लोखंडकाम. शिवाजी उद्यमनगर ही छोट्या कारखान्यांची वसाहत या शहराचा खरा खजिना आहे आणि सजावटीचं सामान शोधणारे तिकडे फिरकतच नाहीत. एक इंची चौकोनी पाइपचं बुकशेल्फ, टेबलाचे पाय, कुंड्यांचा स्टँड, सगळं मापाने होतं. सांगताना पाइपची जाडी सांगा, पुस्तकांच्या वजनाला १६ गेज घ्या. सांधे घासून घ्यायचे, रेडऑक्साइड (गंज रोखणारा पहिला हात) मारूनच वरचा रंग द्यायचा आणि पायाखाली रबरी बूट, हे तिन्ही आधी बोलून घ्या. नाहीतर नव्या फरशीवर पहिल्याच दिवशी ओरखडा.

उद्यमनगरातली आणखी एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. फाउंड्रीत लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याची लाकडी प्रतिकृती करतात. तिला पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबून साचा तयार होतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न खऱ्या भागापेक्षा किंचित मोठा असतो. वाळूतून अलगद सुटावा म्हणून त्याच्या कडांना बारीक उतार असतो आणि आतले कोपरे गोलावलेले असतात. वर लाल, पिवळा, काळा रंग, आणि त्या रंगांना अर्थ असतो: कुठला भाग पुढे मशीनवर जाणार, कुठे कोअर, म्हणजे आतली पोकळी धरणारा वाळूचा गाभा बसणार. डिझाइन बदललं, ऑर्डर बंद झाली, की असे पॅटर्न वर्षानुवर्षं माळ्यावर धूळ खातात. आमच्या हॉलमध्ये पंपाच्या चाकाचा एक पॅटर्न भिंतीवर आहे, साधारण ताटाएवढा. बाजूने बघितलं तर लाकडाच्या पाकळ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत ते दिसतं, एका कडेला पेन्सिलीने लिहिलेलं माप अजून पुसलेलं नाही. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याजवळ जातो. असा पॅटर्न मागताना मात्र एक विचारून घ्या: तो नक्की बाद झाला आहे ना आणि मालकाची हरकत नाही ना? पॅटर्न बहुतेक वेळा फाउंड्रीचा नसतो, काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो.

चामडं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं जाड, ताठ आणि मधाळ रंगाचं असतं, वापरून आणखी गडद होतं. त्याचं चपलेखेरीज बरंच काही होतं. कपाटाच्या खणांना पितळी मुठींऐवजी चामड्याच्या पट्ट्या, आरसा टांगायला रुंद पट्टा, जुन्या खुर्चीची फाटलेली बैठक. आमच्या पुस्तकांच्या कपाटाला चपलेवर असते तशीच बारीक वेणी घातलेल्या मुठी आहेत. कारागिराला सांगितल्यावर तो आधी म्हणाला, "चप्पल न्हाई? नुसती वेणी?" मग स्वतःच दोन नमुने करून ठेवले, एक तीनपदरी, एक जरा चपटी. पाव इंच जाडीचं सांगू नका, वाकत नाही. पावसाळ्याआधी खोबरेल किंवा एरंडेलाचा हात फिरवा, बुरशी धरत नाही.

वेळूकाम. बुरूड गल्लीत बुट्ट्या, दुरड्या, सुपं मिळतातच, पण दिव्याची शेड, फळांची उथळ टोपली, बाल्कनीचा पडदा हेही मापाने होतं. दिव्याच्या शेडला वीण जरा विरळ सांगा, म्हणजे भिंतीवर जाळी उमटते. आत एलईडीच लावा, तापणारा बल्ब नको. नव्या वेळूला पहिल्या वर्षात कीड लागण्याची भीती असते, म्हणून उन्हात नीट वाळवून वर पॉलिशचा एक हात मारून घ्या.

माती. शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प. मूर्तिकामाचा पसारा इथे मोठा आहे. कुंड्या, पणत्यांचे स्टँड, मोठा रांजण हवा असेल तर गणपती झाल्यावर जा. जून ते गणेश चतुर्थी या काळात तिथे कुंडीचं नाव काढणं म्हणजे शिव्या खाण्याचं काम.

कापड. पडद्यांसाठी इचलकरंजीचं साधं जाड सुती कापड घ्या, आधी धुवा, आकसू द्या, मग शिंप्याकडे द्या. रुंदी दांडीच्या निदान दीडपट, जमलं तर दुप्पट. लांबी फरशीपासून अर्धा इंच वर. पश्चिमेच्या खिडकीला आतून अस्तर लावा. उशांच्या अभ्र्यांना खण सुरेख दिसतो, पण दोन-तीनच, सगळा सोफा खणाने मढवला की ओटी भरल्यासारखं होतं.

७. कारागिराशी व्यवहार

चित्र दाखवून "असंच पाहिजे" एवढं म्हणू नका. लांबी, रुंदी, उंची, जाडी, लाकूड किंवा पाइप, रंग हे कागदावर लिहून द्या आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा. मोबाइलवरचा फोटो दाखवलात की उत्तर येतं, "हुतंय की. मापं आणा आधी." सुतार इंच-सुतात बोलतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), फॅब्रिकेटर मिलिमीटरमध्येही, ते एकदा जुळवून घ्या.

घासाघीस सामानाच्या किमतीवर करा, मजुरीवर जपून करा. ॲडव्हान्स सामानापुरता द्या, उरलेलं वस्तू घरी येऊन तपासल्यावर. "परवा देतो" हा परवा सण, यात्रा आणि भावकीतलं लग्न धरून मोजायचा असतो, म्हणून वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात काही करायला टाकू नका. मधे एकदा अर्धवट काम बघायला जा. चहा पिऊन या. त्या वेळी सांगितलेली दुरुस्ती फुकट होते, पॉलिश झाल्यावर सांगितलेली होत नाही.

८. भिंतीवर काय लावायचं

इथे तुम्हाला परक्या गावाच्या छापील चित्रांची गरज नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थाची निसर्गचित्रं रंगवली, बाबूराव पेंटरांनी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही हाताळले, आणि ती चित्रकारांची परंपरा अजून चालू आहे. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय आधी बघून या. अभिनेता म्हणून माहीत असलेल्या माणसाने नुसत्या पावडरीच्या छटांतून काय उभं केलंय ते कळेल. मग दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात प्रदर्शनं लागतात तिथे जात राहा. कलानिकेतन, दळवीज् यांसारख्या कलासंस्थांत शिकणाऱ्या मुलांची कामंही बघत राहा. त्यांचं एखादं जलरंगातलं मूळ चित्र मोठ्या छापील कॅनव्हासपेक्षा फार महाग पडत नाही, आणि विकत घेतलेलं पहिलं चित्र कुणाचं ते त्या मुलाच्या लक्षात राहतं. जरा लांब जायची तयारी असेल तर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगायची चित्रं, आहेच. आंबोली घाट उतरायला निमित्त मिळतं.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. आपल्याकडे फोटो छताजवळ लावायची खोड आहे, बहुधा थोरांच्या तसबिरींमुळे. कागदावरचं चित्र ओल्या भिंतीवर किंवा थेट उन्हात नको. फ्रेमवाल्याला काच आणि चित्राच्या मधे माउंट (जाड कागदाची चौकट) घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आणि एक भिंत पूर्ण मोकळी सोडा.

९. हे घरात आणू नका

शिंगं. जुन्या घरांत, जुन्या सामानाच्या ढिगाऱ्यात हरणाची किंवा गव्याची शिंगं अजून दिसतात आणि 'राजेशाही लूक' म्हणून गळ्यात मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि घरात वारशाने आलेल्यांनाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. दाजीपूरचा गवा दाजीपुरात बघावा.

वीरगळ, जुनी दगडी मूर्ती, देवळाचा नक्षीदार दगड. शेताच्या बांधावर पडलेला दिसला तरी तो तिथला आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, कोरीव वस्तू १९७२ च्याच पुरावशेष कायद्यात येतात. विकणाऱ्याला परवाना लागतो, काही वस्तूंची नोंदणीही करावी लागते. कागद नसेल तर व्यवहार नको.

आणि आपलीच नक्कल. दारात फेटा बांधलेला पुतळा, भिंतीवर ढाल-तलवार, कोपऱ्यात मुद्गल, टेबलावर मिसळीची पितळी बादली. प्रत्येक वस्तू एकेकटी बरी असेल, पण सगळ्या मिळून हायवेवरचं तांबडा-पांढऱ्याचं हॉटेल होतं. घरात खरंच कुणी तालमीत जात असेल तर मुद्गल कोपऱ्यात राहू द्या. तो तिथे शोभेसाठी नाही हे बघणाऱ्याला कळतं.

१०. भाड्याच्या घरात

भोक पाडण्याआधी मालकाला विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या. 'नाही' म्हणाले तर चित्रं बाकावर, कपाटावर टेकवून ठेवा, उभा दिवा घ्या, भिंत झाकायला घोंगडी दांडीवरून सोडा. पैसा उचलून नेता येईल अशाच गोष्टीत घाला: बाक, शेल्फ, दिवे, चित्रं. पीओपी, फरशी, मॉड्युलर ओटा यात एक रुपया नको. खणांच्या मुठी बदलल्या तर जुन्या पिशवीत बांधून ठेवा, सोडताना परत लावायच्या असतात.

११. मे महिन्यातली कामं

वळवाचे दोन पाऊस झाले की हाती घ्या. गच्चीचे आणि खिडक्यांवरच्या छज्ज्यांचे पाणी जायचे मार्ग मोकळे करा. भिंतीला टेकलेलं सगळं फर्निचर दोन इंच पुढे ओढा. घोंगडी, वाकळा, गाद्यांना उन्हाचा शेवटचा दणका द्या. चामड्याला तेल, लोखंडाच्या सांध्यांवर गंज दिसला तर घासून रेडऑक्साइड, वेळूच्या वस्तू झटकून पुसून. पश्चिमेच्या भिंतीवरची कागदी चित्रं उतरवून आतल्या भिंतीवर लावा, दसऱ्याला परत आणा. आणि दाराजवळच्या बाकाखाली ओल्या छत्र्यांसाठी एक पत्र्याचा ट्रे सरकवा. उद्यमनगरात मापाने वाकवून मिळतो.